अमेरिकेतील मतदार ओळखपत्राच्या खटल्याचा निकाल कसा वाचावा

निकाल हाती घेतल्यावर कोण जिंकले हे पाहण्याआधी आव्हान कशाला दिले होते ते शोधावे. संपूर्ण कायदाच रद्द करण्याची मागणी होती, की त्याची झळ बसणाऱ्या ठरावीक मतदारांपुरता दिलासा मागितला होता, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. मतदान केंद्रावर छायाचित्र असलेले ओळखपत्र दाखवणे सक्तीचे करणारा इंडियाना राज्याचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ६ विरुद्ध ३ मतांनी कायम ठेवला, तेव्हा त्या राज्यात मतदान केंद्रावर तोतयेगिरी झाल्याचा एकही पुरावा नोंदीत नव्हता. मात्र कायद्याचा भार नेमका किती जणांवर पडतो, हेही याचिकाकर्त्यांना दाखवता आले नाही. म्हणून पुराव्याचा भाग सर्वांत सावकाश वाचावा, कारण माझ्या मते खटला तिथेच ठरतो.

त्यानंतर कोणती ओळखपत्रे चालतात ती यादी पाहावी. टेक्ससच्या २०११ च्या कायद्यात शस्त्र बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यार्थ्याचे ओळखपत्र मात्र चालत नव्हते, आणि अशा निवडीमुळे कोण वगळले जाते हे विचारलेच पाहिजे.

भेदभावाचा हेतू आणि भेदभावाचा परिणाम यांची गल्लत करू नये: २०१६ मध्ये नॉर्थ कॅरोलिनातील ओळखपत्राची अट अपील न्यायालयाने हेतूवरून रद्द केली, तर त्याच वर्षी दुसऱ्या अपील न्यायालयाने टेक्ससचा कायदा परिणामावरून सदोष ठरवला.