स्नूकरच्या जागतिक स्पर्धेचा इतिहास भिंतीवर कसा मांडावा

सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर दोन टेबलांची स्नूकरची खोली आहे. तिथल्या भिंतीवर लावण्यासाठी व्यावसायिक जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचा फलक तयार करण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा विजेत्यांची यादी उतरवून काढली की काम संपले, अशी माझी समजूत होती. यादी एका संध्याकाळी तयार झाली; ती दुरुस्त करण्यात पुढचे दोन महिने गेले. असे काम फलकासाठी, स्मरणिकेसाठी किंवा नुसत्या हौसेपोटी कोणी हाती घेणार असेल, तर त्याचा वेळ वाचावा म्हणून ही पद्धत लिहीत आहे.

सर्वप्रथम एक मोठी वही घेऊन तिच्यात साल, प्रत्यक्ष खेळल्याचे दिवस, ठिकाण, स्पर्धेची पद्धत, अंतिम सामन्यातील फ्रेम (म्हणजे सामन्यातले एकेक डाव) आणि शेरा असे रकाने आखावेत. शेऱ्याचा रकाना सर्वांत रुंद ठेवावा. नावे पूर्ण लिहावीत, हे विशेष सांगतो, कारण या यादीत तीन डेव्हिस आहेत. ज्यो आणि फ्रेड हे सख्खे भाऊ, तर स्टीव्हचा त्या घराण्याशी काहीही संबंध नाही. ॲलेक्स आणि जॉन हे दोन हिगिन्सही एकमेकांचे कोणी लागत नाहीत. आडनावापुढे आद्याक्षर लिहून भागवले, तर वाचणारा हमखास नाते जोडतो.

मग सुरुवात ठरवावी. स्नूकरचा जन्म 1875 मध्ये जबलपूरच्या लष्करी छावणीत नेव्हिल चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या हातून झाला, असे मानले जाते (पुढे ब्रिटनचे पंतप्रधान झालेले चेंबरलेन ते हे नव्हेत), आणि आपल्याकडचा प्रत्येक जण फलकाची सुरुवात तिथूनच करण्याचा आग्रह धरतो. हा मोह टाळावा, असे माझे मत आहे. तो खेळाचा इतिहास झाला, स्पर्धेचा नव्हे. स्पर्धेचा पहिला सामना 29 नोव्हेंबर 1926 रोजी लंडनमध्ये सुरू झाला आणि अंतिम सामना मे 1927 मध्ये बर्मिंगहॅमच्या कॅमकिन्स हॉलमध्ये झाला. त्या काळी मान बिलियर्ड्सला होता. स्नूकर हा फावल्या वेळचा खेळ समजला जाई. ज्यो डेव्हिस याने खटपट करून नियामक संस्थेला ही स्पर्धा घ्यायला लावली आणि ती स्वतःच जिंकली. त्याच्या हाती साडेसहा पौंड आले. प्रवेश शुल्काच्या निम्म्या रकमेतून जो चषक घेतला गेला, तोच आजही विजेत्याला दिला जातो.

या पहिल्याच अंतिम सामन्याचा आकडा वहीत उतरवताना थोडे थांबावे. टॉम डेनिसविरुद्ध डेव्हिस 20-11 असा जिंकला, असे सर्वत्र छापलेले असते. दोन्ही आकड्यांची बेरीज 31 होते, म्हणजे विजयासाठी 16 फ्रेम पुरेशा होत्या. मग डेव्हिसच्या नावावर 20 कशा? तर 16-7 वरच सामन्याचा निकाल लागलेला होता. परंतु पुढच्या सत्रांची तिकिटे विकली गेलेली असल्यामुळे उरलेल्या 8 फ्रेम निव्वळ प्रेक्षकांसाठी खेळल्या गेल्या आणि त्या 4-4 अशा वाटल्या गेल्या. जुन्या प्रत्येक निकालावर ही बेरीज करून पाहावी. 1946 चा अंतिम सामना डेव्हिसने होरेस लिंड्रमविरुद्ध 78-67 असा जिंकला, त्याची बेरीज 145 भरते; तिथेही 73 फ्रेम पुरेशा होत्या. उलट 1972 चा 37-32 हा निकाल 73 फ्रेमचा सामना निकाल लागताच थांबल्याचे दाखवतो. 1980 पासून अंतिम सामना जास्तीत जास्त 35 फ्रेमचा असतो, त्यामुळे विजेत्याच्या नावापुढे नेहमी 18 दिसतात आणि हा घोळ उरत नाही.

सालांच्या बाबतीत माझी स्वतःची फजिती झाली. 1971 चा विजेता जॉन स्पेन्सर हे नाव मी त्या सालापुढे निश्चिंतपणे लिहिले होते. खोलीत रोज येणाऱ्या एका निवृत्त शिक्षकांनी ती स्पर्धा कोणत्या महिन्यात झाली, असे विचारले आणि शोधता शोधता उलगडा झाला, की ती नोव्हेंबर 1970 मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे संपली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रे रिअर्डन लंडनमध्ये विजेता झालेला होता. म्हणजे 1970 मध्ये दोन विजेते झाले, आणि पुढची स्पर्धा मार्च 1971 मध्ये सुरू होऊन फेब्रुवारी 1972 मध्ये संपल्यामुळे 1971 या वर्षात एकही नाही. ‘प्रत्यक्ष खेळल्याचे दिवस’ हा वेगळा रकाना याचसाठी सांगितला. 1972 चा तो अंतिम सामना बर्मिंगहॅममधील माजी सैनिकांच्या एका क्लबात झाला आणि ॲलेक्स हिगिन्सने तो जिंकला. खाणकामगारांच्या संपामुळे वीज जात होती, म्हणून जनरेटर आणावा लागला. भारनियमनाचे उन्हाळे काढलेल्या आपल्या लोकांना त्या हिगिन्सविषयी जवळीक वाटायला तेवढे कारण पुरते.

आता यादीतल्या खळग्यांकडे यावे; माझ्या मते सर्वांत वाचनीय भाग हाच आहे. 1941 ते 1945 ही वर्षे युद्धात गेली, ते समजण्यासारखे आहे. 1952 मध्ये मात्र व्यावसायिक खेळाडू आणि नियामक संस्था यांच्यात बिनसले, खेळाडूंनी स्वतःची वेगळी स्पर्धा काढली आणि अधिकृत स्पर्धेत लिंड्रम व क्लार्क मॅकॉनची असे दोघेच उरले. लिंड्रम जिंकला. त्याला विजेता मानावे की नाही, यावर दोन्ही बाजू ठामपणे बोलतात. मी त्याचे नाव ठेवले आणि शेऱ्यात दोघांचीच स्पर्धा असे लिहिले. खेळाडूंची स्पर्धाही 1957 नंतर बंद पडली, कारण प्रेक्षकच येईनासे झाले.

1964 मध्ये अजिंक्यपद पुन्हा सुरू झाले ते आव्हानाच्या पद्धतीने. हे समजावून सांगताना इंग्रजी संज्ञांच्या मागे लागण्याचे कारण नाही. सांगलीच्या माणसाला जोड ठरवून लावलेली कुस्ती आणि गटागटांतून वर येत लढलेली अधिवेशनाची कुस्ती यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही. 1957 चा विजेता जॉन पुलमन 1968 पर्यंत एकेका आव्हानवीराला अंगावर घेत राहिला. 1969 पासून बाद फेरीची पद्धत परत आली. त्याच वर्षी बीबीसीने रंगीत दूरचित्रवाणीवर स्नूकरचा नियमित कार्यक्रम सुरू केला, कारण रंगीत चित्र मिरवण्यासाठी रंगीत चेंडूंइतके सोयीचे दुसरे काय सापडणार?

यापुढचा भाग सोपा आहे. 1977 पासून स्पर्धा शेफील्डच्या क्रुसिबल नाट्यगृहात होते. संयोजक माइक वॉटरसन यांच्या पत्नी तिथे नाटक पाहायला गेल्या होत्या आणि त्यांनी ही जागा सुचवली. 1976 ते 2005 या काळात स्पर्धेला एका सिगारेट कंपनीचे नाव होते. ब्रिटनमध्ये तंबाखूच्या प्रायोजकत्वावर बंदी आल्यावर ते गेले. 1985 चा अंतिम सामना शेवटच्या फ्रेमच्या शेवटच्या काळ्या चेंडूवर डेनिस टेलरने स्टीव्ह डेव्हिसकडून खेचून घेतला, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती आणि ब्रिटनमध्ये 1 कोटी 85 लाख लोक तो पाहत जागे होते. 2025 मध्ये चीनचा झाओ शिनतोंग हा आशियातील पहिला विजेता ठरला.

सर्वाधिक विजेतेपदे कोणाची, ही ओळ लिहिण्यापूर्वी कोठून मोजले ते लिहावे. 1927 पासून मोजल्यास ज्यो डेव्हिसची 15 होतात. 1969 पासूनचा आधुनिक काळ धरल्यास स्टीफन हेंड्री आणि रॉनी ओ’सुलिव्हन प्रत्येकी 7 वर बरोबरीत आहेत. रे रिअर्डनची 6 पैकी 5 विजेतेपदे क्रुसिबलच्या आधीची आहेत, त्यामुळे केवळ क्रुसिबलचा हिशेब मांडणाऱ्यांच्या यादीत तो जवळजवळ नाहीसाच होतो.

शेवटी फलक रंगवून घेण्याविषयी. मजकूर रंगाऱ्याच्या हाती देण्यापूर्वी ओळी मोजून द्याव्यात, आणि युद्धाच्या पाच वर्षांसाठी तसेच 1958 ते 1963 या सहा वर्षांसाठी साल घालून पुढे फक्त आडवी रेघ मारायला सांगावे. आमच्या रंगाऱ्याने या अकरा ओळी गाळून जागा वाचवण्याचा सल्ला दिला होता. रेघांचे पैसे मात्र त्याने अक्षरांच्याच दराने लावले.