मक्यात तण कमी ठेवायचं तर मशागतीपासून सुरुवात करा

अ‍ॅट्राझिन हे तणनाशक मारलं तरी मक्यात तण उगवलं, अशी तक्रार असेल तर औषधाला नावं ठेवण्याआधी रान बघा. बहुतेक वेळा दोष ढेकळांचा निघतो. औषधाचा थर मातीच्या वरच्या भागावर बसतो, ढेकळाखाली पोचत नाही. जोराच्या पावसात ढेकूळ फुटलं की आतली कोरी माती उघडी पडते आणि तण तिथूनच वर येतं.

नागपूरकडच्या काळ्या जमिनीत एप्रिल-मेमध्ये आठ-नऊ इंच खोल नांगरट करून रान उन्हात तापू द्यावं. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरे. वर आलेल्या लव्हाळ्याच्या गाठी आणि हरळीच्या काड्या वेचून रानाबाहेर काढा. हरळीच्या रानात रोटाव्हेटर घालू नका, तुकडा तुकडा नव्याने फुटतो. पहिल्या पावसानंतर वाफसा आला, म्हणजे माती ओली पण चिखल नाही अशी झाली, की वखराने एक पाळी द्या (वखर म्हणजे माती वरवर कापणारं पात्याचं अवजार), तण उगवू द्या आणि पेरणीआधी दुसऱ्या पाळीत ते मोडा. तणाची पहिली लाट फुकटात जाते. वाफसा नसताना घाई केली तर चिखलाची ढेकळं होतात, मग वखर कितीही फिरवा, ती फुटत नाहीत.

पेरणी दोन-दोन फुटांवरच्या तासांत (ओळींत) करावी. त्यानंतर तीन दिवसांच्या आत, ओल असताना, अ‍ॅट्राझिन ५० टक्के भुकटी फवारावी: भारी जमिनीत एकरी ८०० ग्रॅम, हलक्या जमिनीत ४०० ग्रॅम, पाणी २०० लिटर. ८०० ग्रॅमच्या हिशेबाने १५ लिटरच्या पंपाला ६० ग्रॅम येतात. वजन करूनच घ्या; झाकणाने मोजलं की चूक होते. पट्टा नोझल (सपाट पट्ट्यात फवारणारं पंपाचं तोंड) वापरा आणि मागे सरकत फवारा, म्हणजे फवारलेल्या मातीवर पाय पडत नाही. तूर किंवा सोयाबीनचं आंतरपीक असेल तर अ‍ॅट्राझिन नकोच, ते पीकही जळतं. तिथे पेंडीमिथॅलिन ३० टक्के हे तणनाशक, एकरी १.३ लिटर.

लव्हाळा, हरळी अ‍ॅट्राझिनला फारशी दाद देत नाहीत. इतर तण निसटलं तर ते दोन-चार पानांवर असताना टेंबोट्रायोन ३४.४ टक्के हे तणनाशक, एकरी ११५ मिली, सोबत येणाऱ्या चिकट द्रवासह मारा. तणाची पानं आधी पांढरी पडतात, मग वाळतात. तण वीतभर झाल्यावर मारलं तर पैसे वाया.

डवरणी, म्हणजे दोन तासांमधली माती डवऱ्याने हलवणं, पेरणीनंतर विसाव्या दिवसाच्या आसपास, दोन इंचांपेक्षा खोल नको. खोल गेली तर मक्याची वरची मुळं तुटतात, शिवाय खालचं तणाचं बियाणं वर येतं. विसाव्या दिवसाच्या बरंच आधी डवरा चालवला तर औषधाचा थर आपणच मोडतो. दुसऱ्या वेळी, तिसाव्या-पस्तिसाव्या दिवशी, तासाला मातीची भर द्या. तोवर निंदणही उरकलेलं असावं. पहिल्या महिना-दीड महिन्यात तणाने जे नुकसान केलं ते नंतर भरून निघत नाही.

मौदा-रामटेककडे धानानंतर बिननांगरटीचा मका घेताना उभं तण पेरणीआधी विळ्याने काढावं लागतं, कारण उगवलेल्या मोठ्या तणावर अ‍ॅट्राझिन चालत नाही. धानाचं तणीस (पेंढा) जाड पसरलेलं असेल तर औषध त्यावरच अडकतं. ते बाजूला सारून फवारा, मग हलकं पाणी द्या.