सोशल मीडियाचा गोंगाट गाळून कामाचा कल कसा ओळखावा

कोकणात होमस्टे चालवणाऱ्याला, हापूसच्या पेट्या थेट ग्राहकाला पाठवणाऱ्या बागायतदाराला किंवा पर्यटकांना बोटीतून फिरवणाऱ्याला मोबाइल बाजूला ठेवून चालत नाही, कारण चौकशी, बुकिंग आणि तक्रार या तिन्ही गोष्टी त्यावरच येतात. अडचण अशी की त्याच पडद्यावर शुभ सकाळचे संदेश, राजकीय हाणामाऱ्या आणि कुठल्या तरी किनाऱ्याचे रील यांचाही रतीब सुरू असतो. म्हणून साधनांकडे वळण्यापूर्वी येत्या हंगामात आपल्याला कोणते निर्णय घ्यायचे आहेत, ते कागदावर लिहून काढावे. खोल्यांचे दर कोणत्या आठवड्यात वाढवायचे, पेटीची जाहिरात कधी सुरू करायची, असे दोन-तीन प्रश्न पुरेत. त्यांच्याशी संबंध नसलेली माहिती कितीही रंजक असली, तरी ती आपल्यासाठी गोंगाटच होय.

गाळणीची सुरुवात व्हॉट्सॲपपासून करावी. गावकी, मुंबईकर मंडळ आणि बागायतदारांचे ग्रुप सोडून देणे नात्यात बसत नाही. मात्र ते कायमचे म्यूट करून अर्काइव्हमध्ये टाकता येतात आणि दिवसातून एकदा सवडीने पाहता येतात. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेला' असा शिक्का असलेला संदेश आपल्यापर्यंत पोहोचण्यापूर्वी किमान पाच हातांतून गेलेला असतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ वाचन वाचते. इन्स्टाग्रामवर 'फॉलोइंग' किंवा 'फेव्हरिट्स' निवडले की आपण निवडलेल्या खात्यांच्याच पोस्ट नव्या-जुन्या क्रमाने दिसतात. एक्सवर (पूर्वीच्या ट्विटरवर) हवामान, रेल्वे आणि जिल्हा प्रशासन यांच्या खात्यांची स्वतंत्र यादी करावी आणि नको असलेले शब्द म्यूट करावेत. यूट्यूबवर 'या चॅनेलची शिफारस करू नका' हा पर्याय निर्दयपणे वापरावा.

यानंतर माहितीच्या मागे धावण्याऐवजी ती आपल्याकडे येईल अशी सोय करावी. गूगल अलर्ट्समध्ये 'देवगड हापूस' असे शब्द अवतरणचिन्हांत टाकले, तर नेमका तोच शब्दसमूह असलेल्या बातम्या ईमेलने येतात. नको असलेल्या शब्दाआधी उणे चिन्ह दिले की तो विषय वगळला जातो. वारंवारिता मात्र आठवड्यातून एकदा ठेवावी, नाहीतर गोंगाट केवळ एका पेटीतून दुसऱ्या पेटीत जातो. ज्यांना दहा-बारा संकेतस्थळे नियमित पाहावी लागतात, त्यांनी फीडली किंवा इनोरीडरसारखा आरएसएस वाचक, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचा नवा मजकूर एकाच जागी दाखवणारे ॲप, वापरावा. त्यात कोणाचाही अल्गोरिदम मध्ये पडत नाही.

कल ओळखण्यासाठी सर्वांत उपयोगी साधन माझ्या मते गूगल ट्रेंड्स हेच आहे; एखादा शब्द गूगलवर कधी किती शोधला गेला, याचा आलेख ते दाखवते. ते मोफत आहे आणि त्यात 2004 पासूनची माहिती मिळते. पण पुष्कळ जण त्यातला आलेख चुकीचा वाचतात. तेथील 0 ते 100 हे आकडे शोधांची संख्या सांगत नाहीत. निवडलेल्या काळात आणि प्रदेशात त्या शब्दाचा एकूण शोधांतील वाटा जेव्हा सर्वाधिक होता, त्या बिंदूला 100 धरून बाकीचे आकडे काढलेले असतात. त्यामुळे लहान गावाच्या नावाचे शोध थोडे असल्याने त्याचा आलेख दातेरी दिसला, तर त्यातून लगेच अर्थ काढू नये.

मंडणगड तालुक्यातील वेळासचे उदाहरण घेऊ. तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडताना पाहण्यासाठी साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात पर्यटक येतात आणि गावातल्या घरांतच उतरतात. गावाचे नाव रोमन लिपीत टाकून प्रदेश 'जगभर' ठेवला, तर मेणबत्त्या शोधणारे स्पॅनिश भाषकही त्या आलेखात मिसळतात, कारण स्पॅनिशमध्ये 'velas' म्हणजे मेणबत्त्या. म्हणून प्रदेश महाराष्ट्र निवडावा, सोबत 'कासव महोत्सव' हा शब्द तुलनेला घ्यावा आणि कालावधी पाच वर्षांचा ठेवावा. दरवर्षी त्याच सुमारास चढ दिसत असेल तर तो हंगाम आहे, आणि चढ सुरू होतो तो आठवडा म्हणजे आपली माहिती व दरपत्रक ऑनलाइन टाकण्याची वेळ. एकाच वर्षी सुळका येऊन आलेख खाली बसला असेल, तर ती बहुधा एखाद्या रीलची करामत असते. संबंधित शोधांच्या यादीत 'ब्रेकआउट' असे लिहिलेले दिसले, तर वाढ 5000 टक्क्यांहून अधिक आहे असा त्याचा अर्थ. परंतु मुळात शोध नगण्य असतील तर ही वाढही फसवी ठरते.

हापूसच्या बाबतीत 'शोधशब्द' न निवडता 'विषय' निवडावा, म्हणजे निरनिराळी स्पेलिंग आणि भाषा एकत्र मोजल्या जातात. पुण्या-मुंबईचा ग्राहक मराठीत बोलत असला तरी शोधताना बहुधा रोमन लिपीतच लिहितो, हे विसरू नये.

आलेखाची पडताळणी, ग्राहकांच्या चौकशा जिच्यात टिपून ठेवतो त्या आपल्या वहीशी करावी. समजा, हिवाळ्यात निळ्या चमकणाऱ्या लाटांचे रील गाजते आहे. नॉक्टिल्युका या सूक्ष्मजीवामुळे दिसणारा हा प्रकार कोकण किनाऱ्यावर खरोखर घडतो, पण हुकमी घडत नाही. रीलला लाखो लाइक असूनही फोनवर कोणी त्याविषयी विचारत नसेल, तर त्यासाठी खास पॅकेज काढण्यात अर्थ नाही. रील कधीचे आहे, हेही पाहावे: त्यातील एका चौकटीचा स्क्रीनशॉट गूगल लेन्समध्ये टाकला की तेच दृश्य पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते याचा माग अनेकदा लागतो.

हवामानाच्या बाबतीत मात्र कल वगैरे पाहू नये. 3 जून 2020 चे निसर्ग किंवा मे 2021 चे तौक्ते या चक्रीवादळांच्या वेळची दृश्ये नव्या वादळाची म्हणून कोणीही पुढे ढकलू शकतो. बोट बाहेर काढायची की नाही, हे भारतीय हवामान विभागाचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांविषयीचा अंदाज पाहूनच ठरवावे. या दोन खात्यांच्या सूचना कधीही म्यूट करू नयेत.

शेवटची सूचना अलर्टच्या साफसफाईची आहे. कासवांचा हंगाम संपला की ते अलर्ट बंद करावेत आणि गणपतीचे सुरू करावेत. 1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचे आरक्षण 120 ऐवजी 60 दिवस आधी उघडते. त्यामुळे चाकरमान्यांची तिकिटांची धावपळ चतुर्थीच्या सुमारे दोन महिने आधी सुरू होते, आणि रिकाम्या खोल्यांची किंवा स्थानकावरून गावात आणणाऱ्या गाडीची जाहिरात त्याच आठवड्यात टाकणे सोयीचे पडते.