सायफन ओव्हरफ्लोच्या नळीत हवा अडकू नये म्हणून काय करायचं

माशांच्या टाकीची काच टफन्ड (तापवून कडक केलेली) असली की भोक पाडायचा विषयच नाही, पाडायला गेलात तर सगळी काच भुगा होऊन खाली. मग सम्प (टाकीखालची फिल्टरची दुसरी टाकी) लावायचा तर मागे टांगायचा ओव्हरफ्लो बॉक्स आणि यू आकाराची नळी, नळी काठावरून टाकीतलं पाणी बॉक्समध्ये ओढते, तिथून ते सम्पमध्ये उतरतं आणि पंप ते परत वर टाकतो. चालतं मस्त, फक्त एक खोड आहे, नळीच्या वरच्या वाकात हवा साठते, एक दिवस सायफन, म्हणजे नळीतून आपोआप ओढला जाणारा पाण्याचा सलग प्रवाह, तुटतो आणि सम्पमधला पंप मात्र पाणी वर ढकलतच राहतो, मग खालच्या मजल्यावरचे बेल वाजवायला येतात.

हवा येते कुठून? वाकात दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो, म्हणून पाण्यात विरघळलेली हवा तिथं थोडी थोडी सुटते, ती काही थांबवता येत नाही. बाकीची आपणच पुरवतो, एअरस्टोन (बुडबुडे सोडणारा दगड) नाहीतर पंपाचं रिटर्न तोंड बॉक्सला चिकटून ठेवलेलं असतं आणि बारीक बुडबुडे सरळ आत ओढले जातात, ते आधी टाकीच्या दुसऱ्या टोकाला न्या.

आता मुख्य गोष्ट, जी लोक बरोब्बर उलटी करतात. जाड नळी घेतली की सेफ असं वाटतं ना, पण जाड नळीत पाणी संथ चालतं आणि संथ पाणी बुडबुडा ढकलून नेत नाही, तो वरच चिकटून बसतो. नळी पंपाच्या पाण्याला पुरून थोडीशीच उरेल एवढी हवी. दोन नळ्या लावल्या असतील आणि पंप छोटा असेल तर एक काढून बघा, बुडबुडे आपोआप वाहून जायला लागतात बऱ्याचदा. नळी पारदर्शकच घ्या आणि आतून शेवाळ घासत जा, बुडबुडे त्यालाच धरून बसतात, शिवाय जाळी लावा नाहीतर गोगलगाय आत जाऊन अडकते.

तरी साठतेच आहे? मग वाकाच्या टोकावर एअरलाइनचा (हवेच्या बारीक नळीचा) निपल बसवून तो पॉवरहेडच्या (टाकीत बुडवायच्या छोट्या पंपाच्या) व्हेंचुरीला, म्हणजे हवा ओढणाऱ्या तोंडाला, जोडा, पॉवरहेड सतत हवा ओढून घेतं. जोड मात्र पक्का हवा, तिथं जरा जरी फट राहिली तर नळी बाहेरचीच हवा आत खेचते, म्हणजे इलाजच रोग झाला. पॉवरहेड पूर्ण बुडालेलं ठेवा, नाहीतर लाइट गेल्यावर त्याच वाटेनं हवा परत वर येते.

आपल्याकडे लाइट जाते, त्यामुळे टेस्ट करूनच ठेवा. पंप बंद करा, अर्ध्या तासानं बघा, नळीची दोन्ही टोकं पाण्यात बुडालेली दिसली पाहिजेत, एक जरी उघडं पडलं तर पंप चालू झाल्यावर सायफन चालू होणार नाही. पहिल्यांदा भरताना बारीक नळी वाकापर्यंत सरकवून मेडिकलमधल्या सिरिंजनं हवा ओढा, तोंडानं ओढायचं तर तुमची मर्जी, मरीन (खाऱ्या पाण्याची) टाकी असेल तर चव लक्षात राहील.

आणि एवढं करूनही सायफन तुटला तर? 120 बाय 45 सेंटीमीटरच्या टाकीत 1 सेंटीमीटर पाणी चढलं म्हणजे 5.4 लिटर झाले, वर 3 सेंटीमीटर जागा असेल तर सोळाएक लिटर मावतात, म्हणून सम्पमधला पंपाचा कप्पा एवढाच छोटा ठेवा की पंप कोरडा पडेपर्यंत त्याहून कमीच पाणी वर जाईल. पंप कोरडा पडून जळू नये म्हणून त्या कप्प्यात फ्लोट स्विच (पाणी खाली गेलं की पंप बंद करणारा) टाका.