स्मशानभूमीत किंवा दफनभूमीत पडून इजा झाली, तर भरपाईचा दावा कसा करावा

अंत्यविधीला गेलेला माणूस स्मशानभूमीत घसरून पडतो आणि त्याच्या खुब्याचे हाड मोडते, तेव्हा त्या दिवशी कोणालाही भरपाई आठवत नाही, आणि तसे होणे साहजिक आहे. घरातले माणूस गेलेले असताना स्वतःच्या दुखण्याविषयी बोलणेसुद्धा अनेकांना अवघड वाटते. पुढे दहावा होतो, तेरावा होतो, शस्त्रक्रियेचे बिल येते, कामावर जाता येत नाही असे दिवस वाढत जातात, आणि मग कोणीतरी विचारते की ती पायरी तर आधीपासून तुटलेली होती, मग हा सगळा खर्च आपणच का सोसायचा. प्रश्न योग्यच असतो, पण बहुतेक वेळा तो उशिरा विचारला जातो. म्हणून महाराष्ट्रात असा दावा कसा उभा करावा, हे येथे सांगतो आहे.

पहिले काम दवाखान्यात करायचे असते. केसपेपर लिहिताना डॉक्टर कसे लागले ते विचारतात, आणि नातेवाईक ‘पाय घसरून पडले’ एवढेच सांगून मोकळे होतात, किंवा स्मशानाचे नाव नको म्हणून ‘घराजवळ पडले’ असे सांगतात. पुढे न्यायालयात समोरचा वकील सर्वप्रथम तोच कागद दाखवतो. त्यामुळे कोणत्या स्मशानभूमीत, कोणत्या ठिकाणी, किती वाजता आणि कशामुळे पडलो, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. दुखापत मोठी असेल तर रुग्णालयाला एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे कायदेशीर बाजू असलेले वैद्यकीय प्रकरण) अशी नोंद करायला सांगावे. अशी नोंद पोलिसांपर्यंत जाते आणि घटनेची तारीख व जागा यांविषयी नंतर वाद राहत नाही.

दुसरे काम जागेच्या छायाचित्रांचे. तुटलेली पायरी, शेवाळलेला घाट, उखडलेले पेव्हर ब्लॉक, झाकण नसलेले गटार, बंद पडलेला दिवा, खचलेली कबर, जे कारण असेल त्याचे जवळून आणि लांबून असे दोन्ही फोटो हवेत. लांबच्या फोटोत जागा ओळखू यावी आणि जवळच्या फोटोत खड्ड्याची खोली कळावी, म्हणून शेजारी मोजपट्टी किंवा एखादी ओळखीची वस्तू ठेवावी. त्या दिवशी हे जमले नाही, तर तिसऱ्या दिवशी राख सावडायला कुटुंबातले लोक पुन्हा तिथे जातातच. त्यांच्यापैकी एकाला हे काम सांगावे. यात संकोच बाळगू नये, कारण दुरुस्ती झाल्यावर पुरावा उरत नाही, आणि दुरुस्ती नाही झाली तर पुढच्या अंत्ययात्रेतला कोणीतरी तिथेच पडतो. मूळ फोटो फोनमधून पुसू नयेत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि मूळ फोन हाताशी असला की ते सोपे जाते. सोबत असलेल्या दोघातिघांची नावे आणि फोन नंबर लिहून ठेवावेत. स्मशानात माणसे पुष्कळ असतात, परंतु सहा महिन्यांनी कोण कोण होते हे आठवत नाही.

यानंतर जागा कोणाच्या ताब्यात आहे ते शोधावे लागते, कारण नोटीस चुकीच्या कार्यालयात गेली तर वेळ वाया जातो. महानगरपालिकांसाठी मृतांच्या अंत्यविधीच्या जागा राखणे हे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ खाली बंधनकारक कर्तव्य आहे, त्यामुळे शहरातील सार्वजनिक स्मशानभूमी बहुधा पालिकेची असते. गावात ती ग्रामपंचायतीकडे, छोट्या शहरात नगरपरिषदेकडे असते. ख्रिस्ती दफनभूमी अनेकदा चर्चच्या न्यासाकडे, कब्रस्तान वक्फ संस्थेकडे किंवा स्थानिक मुस्लिम जमातीकडे, तर काही स्मशानभूमी विशिष्ट समाजाच्या ट्रस्टकडे असतात. सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढली की मालकी कळते, पण देखभाल कोणाकडे आहे हे त्यातून कळत नाही. त्यासाठी माहिती अधिकारात दहा रुपयांच्या शुल्कासह अर्ज करावा आणि देखभालीचा करार, ठेकेदाराचे नाव, त्या जागेविषयी आधी आलेल्या तक्रारी व दुरुस्तीची नोंद यांच्या प्रती मागाव्यात. आधीच्या तक्रारीची एक प्रत मिळाली, तर धोका माहीत असूनही काही केले नाही हे दाखवता येते, आणि माझ्या मते इतका वजनदार दुसरा कागद क्वचितच असतो.

आता मुदतीविषयी, कारण बहुतेक दावे इथेच बुडतात. निष्काळजीपणाच्या भरपाईसाठी तीन वर्षे असतात असे ऐकून लोक निर्धास्त राहतात. परंतु कर्तव्यात कसूर केल्याबद्दल महानगरपालिकेवर दावा करायचा असेल, तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी लेखी नोटीस देऊन एक महिना थांबावे लागते आणि दावा घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दाखल करावा लागतो. मुंबईत १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमाचे कलम ५२७ असेच सांगते. ग्रामपंचायतीसाठी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १८० मध्ये आणि नगरपरिषदेसाठी १९६५ च्या अधिनियमाच्या कलम ३०४ मध्ये याच धर्तीची तरतूद आहे. जागा थेट राज्य शासनाची असेल, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० नुसार दोन महिन्यांची नोटीस लागते. नोटिशीचा काळ मुदतीच्या मोजणीतून वगळता येतो असे मुदत कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे खरे, पण त्या आधारावर शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबण्यात शहाणपण नाही. उशीर माफ करून घेण्याची त्याच कायद्याच्या कलम ५ ची सोय अपिले आणि अर्जांसाठी आहे, मूळ दाव्यासाठी नाही. वर्षश्राद्ध झाल्यावर बघू, असे म्हणणाऱ्या कुटुंबाला पालिकेविरुद्ध काही करता येण्याची शक्यता उरत नाही. म्हणून पडल्यापासून दोन महिन्यांच्या आत नोटीस जावी, हा नेम धरावा.

नोटीस साध्या भाषेत चालते. तीत आपले पूर्ण नाव व पत्ता, वकील असल्यास त्यांचे नाव, घटनेची तारीख, वेळ व नेमकी जागा, धोक्याचे वर्णन, दुखापत, आजवरचा खर्च आणि मागितलेली रक्कम असावी. महानगरपालिकेची नोटीस मुख्य कार्यालयात द्यायची असते. वॉर्ड ऑफिसात किंवा स्मशानातल्या कारकुनाकडे दिलेली चिठ्ठी पुरेशी मानू नये. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व शिक्का घ्यावा आणि तीच नोटीस स्पीड पोस्टानेही पाठवावी.

पडलो एवढ्यावरून भरपाई मिळत नाही, हेही स्पष्ट सांगायला हवे. इंग्लंडमध्ये जागेच्या ताबेदाराच्या जबाबदारीवर १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे. आपल्याकडे तसा नाही, आणि न्यायालये निष्काळजीपणाच्या सर्वसाधारण तत्त्वांवर निर्णय देतात. म्हणजे जागा सांभाळण्याचे कर्तव्य होते, ते पाळले नाही आणि त्यामुळेच इजा झाली, अशा तिन्ही गोष्टी दाखवाव्या लागतात. दिल्लीतील चांदणी चौकातले घड्याळाचा जुना मनोरा १९५१ मध्ये कोसळून माणसे दगावली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये सुभगवंती प्रकरणात म्हटले की रस्त्यालगतच्या इमारतीचा मालक दोष दिसणारा असो वा लपलेला, जबाबदार राहतो, आणि घटना स्वतःच निष्काळजीपणाची साक्ष देते. त्याच न्यायालयाने १९९७ मध्ये राजकोट महानगरपालिकेच्या प्रकरणात, रस्त्याकडेचे झाड पडून झालेल्या मृत्यूबद्दल पालिकेला जबाबदार धरले नाही. दोन्ही निकाल वकिलासोबत वाचावेत, कारण तुमचा दावा यांपैकी कोणाच्या अधिक जवळ जातो, हे पुराव्यावर ठरते. पालिकेने बांधलेली पायरी अनेक महिने तुटलेली असणे ही एक गोष्ट आहे, आणि नुकत्याच पडलेल्या पावसाने माती निसरडी होणे ही वेगळी.

समोरून येणारे पहिले उत्तर ठरलेले असते: तुम्हीच बघून चालायला हवे होते. याला उत्तर देताना अंत्यविधीची परिस्थिती न्यायालयापुढे मांडावी. खांदा देणाऱ्याला पायाखालचे दिसत नाही, विधी अनवाणी होतात, मडके फुटून फरशीवर पाणी पसरते, अनेकदा अंधार पडल्यावर दहन होते. वसईतल्या ख्रिस्ती दफनभूमीत २ नोव्हेंबरला, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनी, आणि कब्रस्तानात शब-ए-बरातच्या रात्री गर्दी होते, हे व्यवस्थापनाला आधीच ठाऊक असते. जो येणार हे माहीत आहे आणि ज्या अवस्थेत येणार हेही माहीत आहे, त्याच्यासाठी जागा सुरक्षित ठेवणे हेच कर्तव्य. मात्र बंद केलेला भाग ओलांडून तुम्ही गेला असाल, तर तुमच्या वाट्याच्या चुकीच्या प्रमाणात रक्कम कमी होऊ शकते, म्हणून ते लपवू नये.

रक्कम मागताना औषधोपचार, प्रवास, घरी ठेवलेली मदतनीस बाई, बुडालेली कमाई, पुढील उपचार आणि वेदना यांचा वेगवेगळा हिशोब द्यावा. अपंगत्वाच्या टक्क्यांपेक्षा त्या अपंगत्वामुळे कमाई किती घटली हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० च्या राजकुमार प्रकरणात मोटार अपघाताच्या संदर्भात सांगितले आहे. हाच विचार इथेही मांडता येतो: उजव्या हाताच्या मनगटातील तीच ताठरता शिंप्याला जेवढी नडते, तेवढी निवृत्त शिक्षकाला नडत नाही.

पडणारा स्मशानातला कामगार किंवा कबर खोदणारा असेल, तर मार्ग वेगळा आणि सोपा आहे. कर्मचारी नुकसानभरपाईच्या कायद्याखाली (आधी १९२३ चा अधिनियम, नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२०) मालकाचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागत नाही, मुदत दोन वर्षांची आहे, आणि ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगाराला मूळ मालकाकडेही मागणी करता येते. ठेकेदार हजारभर रुपये हातावर ठेवून विषय मिटवतो, असे या कामगारांबाबत फार होते, आणि ते थांबायला हवे.

वकिलाची फी परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे जावे. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग व्यक्ती यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ खाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दावा सुरू होण्याआधी कार्यालय किंवा ट्रस्ट सानुग्रह मदत देऊ करेल. ती घेण्यात गैर काही नाही, पण पावतीवर ‘पूर्ण व अंतिम’ किंवा ‘यापुढे कोणतीही तक्रार राहणार नाही’ असे शब्द आहेत का ते सही करण्यापूर्वी वाचावे, आणि असल्यास तो मजकूर खोडल्याशिवाय किंवा वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये.