एआर घेऊन फायर इन्स्पेक्शनला जाताय? या चुका टाळा

एआर म्हणजे ऑगमेंटेड रिअ‍ॅलिटी, कॅमेऱ्यातल्या खऱ्या दृश्यावर अ‍ॅप ड्रॉइंगमधल्या वस्तू चढवून दाखवतं. फोन कॉरिडॉरवर धरला की स्प्रिंकलरचे पाइप, एक्स्टिंग्विशर, हायड्रंट सगळं भिंतीवर चिकटवल्यासारखं दिसायला लागतं, पहिल्यांदा भारीच वाटतं, आणि तिथेच माणूस भिंत सोडून स्क्रीन बघायला लागतो.

माझा पोपट झाला तो लिफ्टमुळे. अ‍ॅप चालू ठेवूनच वर गेलो, आता लिफ्टमध्ये कॅमेऱ्याला चार भिंती जागच्या जागी दिसतात पण फोनच्या सेन्सरला हालचाल जाणवते, त्यामुळे ट्रॅकिंग गंडतं, त्यात सगळे मजले सेम टू सेम, म्हणजे मी पाचव्यावर उभा आणि अ‍ॅप आपलं तिसऱ्यावरच! चार एक्स्टिंग्विशरना टिक मारून झाल्यावर टॅगवरचा नंबर सहज वाचला तेव्हा कळलं. आत जीपीएसचा भरवसा नसतोच, म्हणून दर मजल्यावर जिन्यापाशी क्यूआर मार्कर लावा, मजला बदलला की तो परत स्कॅन करा, आणि टॅगचा नंबर डोळ्यांनी वाचल्याशिवाय टिक नाही.

आयकॉन हळूहळू सरकत असतील तर बहुतेक वेळा कारण साधं असतं, लांबलचक कोरी पांढरी भिंत, काच, नाहीतर बेसमेंटमधला अंधार. कॅमेऱ्याला पकडायला काहीतरी लागतं, दाराची चौकट, पाटी, कोपरा असं काही फ्रेममध्ये ठेवा, टॉर्च लावा, सावकाश फिरा. बेसमेंटला नेटवर्कही नसतं, तेव्हा मॉडेल, म्हणजे इमारतीचं डिजिटल ड्रॉइंग, आधीच डाउनलोड करून घ्या.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मॉडेललाच खरं मानणं. एआर दाखवतं ते ड्रॉइंगमधलं. नंतर कोणी पार्टिशन टाकलं आणि स्प्रिंकलरचा फवारा अडला, तरी स्क्रीनवर सगळं छानच दिसणार, आणि पाइपात पाणी आहे का हे तर ते सांगूच शकत नाही, त्यासाठी प्रेशर गेजच बघावा लागतो.

मोजमापांचंही तेच. एनएफपीए १३ (स्प्रिंकलर बसवण्याचं अमेरिकन स्टँडर्ड) प्रमाणे साध्या स्प्रिंकलरच्या डिफ्लेक्टरखाली, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली, कमीत कमी १८ इंच मोकळे लागतात, फोनचं माप काही सेंटीमीटरने सहज चुकतं, त्यामुळे काठावरची केस असेल तर सरळ टेप काढा. फायर डोअरची फट तर मिलिमीटरचा खेळ आहे, तिथे फीलर गेजच, म्हणजे फटीत सरकवून मोजायच्या ठराविक जाडीच्या पट्ट्या.

चेकलिस्टमध्ये 'काटा हिरव्यात आहे का' असं सरसकट टाकलेलं असतं, सीओटू एक्स्टिंग्विशरला गेजच नसतो हो, त्याचं वजन करायचं असतं! तरी लोक बिनधास्त 'हो' दाबतात.

जिन्यात चालता चालता स्क्रीन बघू नका, थांबा मग बघा. सॉल्व्हंट किंवा गॅसच्या स्टोअरमध्ये स्फोटरोधक नसलेला फोन नेऊच नका.

आणि रिपोर्टसाठी फोटो काढताना ओव्हरले (अ‍ॅपने वर चढवलेली चित्रं) बंद करा, नाहीतर अ‍ॅपची ती मोठ्ठी हिरवी टिक नेमकी गेजच्या काट्यावर बसलेली असते.