'सभाधीट' हा शब्द नेमका कसा वापरावा

चारचौघांत उभे राहिल्यावर ज्याचा आवाज कापत नाही आणि उगाच चढतही नाही, त्याला मराठीत 'सभाधीट' म्हणतात. 'सभेत धीट' असा विग्रह असल्यामुळे लोकांसमोर येण्याचा प्रसंग असेल तेथेच हा शब्द योजावा. अंधाराला न भिणारे मूल नुसते धीट असते. भाषणाचा कागद हातातून निसटला, तरी तो शांतपणे उचलून अर्धवट राहिलेले वाक्य पूर्ण करणारी मुलगी सभाधीट ठरते. दुसऱ्याचे बोलणे तोडून मध्येच घुसणाऱ्याला मात्र आगाऊच म्हणावे, कारण 'सभाधीट' या शब्दातला संयम मला फार मोलाचा वाटतो. हे विशेषण लिंगानुसार बदलत नाही. भाववाचक नाम 'सभाधीटपणा' असे दीर्घ 'धी'ने लिहावे. 'धिटाई' या शब्दात तो ऱ्हस्व होतो.